हाँगकाँगच्या लाउंजमधला वाडगा

विमानतळावरच्या लाउंजमध्ये शिरल्यावर लोक आधी खुर्ची शोधतात, मग चार्जिंगची जागा. मी झाकणं बघते. चेफिंग डिशांची, म्हणजे खाली पाणी तापवून अन्न गरम ठेवणाऱ्या भांड्यांची, रांग किती लांब आहे, झाकण उचललं की आतल्या बाजूचं पाणी अन्नात ओघळतंय का, भाताच्या कडा सुकून पांढऱ्या पडल्यात का, पनीरच्या ग्रेव्हीवर तेलाचा थर धरलाय का. दादरच्या केटरिंग कॉलेजातून बाहेर पडल्यावर आधी हॉटेलच्या किचनमध्ये आणि नंतर ऑफिस कॅन्टीनच्या कंत्राटात माझी सगळी नोकरी-धंद्याची वर्षं गेली. गरम करून ठेवलेलं अन्न कोणतं आणि आत्ता शिजलेलं कोणतं, हे मला वासावरून कळतं.

बुफेला मी नावं ठेवणार नाही. लाउंजच्या किचनपुढचा प्रश्न खरोखर अवघड असतो. किती माणसं येणार ते माहीत नाही. एक मोठं विमान तीन तास लेट झालं की त्यातली सगळी माणसं तिथेच अडकणार आणि त्यांना पुन्हा भूक लागणार. शेजारशेजारच्या दोन टेबलांवर एकाची पहाट असते आणि दुसऱ्याच्या पोटाच्या घड्याळात रात्रीचं जेवण झालेलं नसतं. अशा वेळी मोठ्या बॅचमध्ये शिजवायचं आणि ६० अंश सेल्सिअसच्या वर धरून ठेवायचं, हाच शहाणपणाचा मार्ग. त्याखाली तापमान गेलं की जंतू वाढायला लागतात, म्हणून डिशखालचं पाणी सतत तापत ठेवावं लागतं.

पण या एका अटीपायी जगभरच्या लाउंजचा मेनू आपोआप ठरून जातो. जे दोन तास उभं राहू शकतं तेच शिजतं. ग्रेव्ही राहते, पुलाव राहतो, पास्ता सॉसमध्ये बुडवून ठेवला तर राहतो, कटलेट कसंबसं राहतं. डोसा राहत नाही. भजी राहत नाहीत. रश्श्यातल्या नूडल्स तर पाच मिनिटांत फुगून बसतात. आणि शहराची ओळख नेमकी अशाच पदार्थांत असते, जे कढईतून, तव्यावरून, पातेल्यातून थेट माणसाच्या हातात जातात. म्हणून दुबईपासून शिकागोपर्यंत कुठल्याही लाउंजमध्ये बसा, डोळे मिटून घास घेतला तर आपण कुठल्या देशात आहोत ते सांगता येत नाही.

हाँगकाँगच्या विमानतळावर कॅथे पॅसिफिक या विमान कंपनीचं 'द पीअर' नावाचं लाउंज आहे. तिथे ते सांगता येतं. लेकीकडे व्हँकुव्हरला जाताना आम्ही या रस्त्याने जातो, आणि थांबा लांबचा मिळाला तर मला त्याचा आनंदच होतो.

पीअर म्हणजे खरं तर दोन लाउंजं. एक फर्स्ट क्लासवाल्यांसाठी, एक बिझनेस क्लासवाल्यांसाठी. सध्याच्या रूपातलं फर्स्टचं लाउंज २०१५ साली उघडलं आणि बिझनेसचं २०१६ साली. दोन्हींची आतली रचना लंडनच्या इल्सा क्रॉफर्ड यांच्या स्टुडिओने केलेली. टर्मिनलच्या मुख्य भागापासून ते बरंच आत आहे, पासष्ट नंबरच्या गेटाच्या बाजूला. चालत निघालात तर सरकते पट्टे संपता संपत नाहीत. त्यापेक्षा जमिनीखालून धावणारी ड्रायव्हर नसलेली गाडी पकडावी. सजावटीबद्दल मी थोडक्यात सांगते, कारण त्यातलं मला फार कळत नाही असं नाही, पण जेवणापुढे ती दुय्यम आहे. लाकूड भरपूर, दिव्यांचा उजेड पिवळसर आणि खाली उतरलेला, खुर्च्या एकमेकींकडे पाठ करून अशा मांडलेल्या की गर्दी असली तरी गर्दीत बसल्यासारखं वाटत नाही. चकचकाट कुठेही नाही. श्रीमंती दाखवायची हौस नसलेल्या श्रीमंत घरासारखं ते वाटतं, आणि मला हे मनापासून आवडतं.

या कंपनीचा जन्म १९४६ चा. रॉय फॅरेल नावाचा एक अमेरिकन आणि सिडनी डी कँट्झो नावाचा एक ऑस्ट्रेलियन, दोघेही युद्धात माल वाहणारे वैमानिक. त्यांनी युद्धानंतर एक जुनं डीसी-३ घेतलं आणि मालवाहतूक सुरू केली. त्या विमानाचं नाव बेट्सी. आज ते हाँगकाँगच्या विज्ञान संग्रहालयात छताला टांगलेलं आहे. तेव्हाचा विमानतळ काय टाक, भर वस्तीतला. उतरणारं विमान शेवटच्या क्षणी उजवीकडे वळायचं आणि काउलूनच्या इमारतींच्या गच्च्यांवरून, वाळत घातलेल्या कपड्यांच्या वरून खाली यायचं. ६ जुलै १९९८ ला समुद्रात भराव घालून तयार केलेल्या बेटावरचा नवा विमानतळ सुरू झाला आणि काय टाक बंद झाला. जुन्या विमानतळाबाहेर पाच मिनिटं चाललं की नूडल्सची दुकानं होती. नव्या बेटावर शहर नाही. शहर इथे आणायचं तर ते आतच आणावं लागणार होतं. नूडल बार, म्हणजे समोर नूडल्स शिजवून देणारा काउंटर, आला तो याच गरजेतून, असं मला वाटतं. कॅथेच्या इथल्या लाउंजमध्ये तो पीअरच्या आधीपासून आहे आणि पीअरमध्येही त्यांनी तो ठेवला.

पीअरमध्ये शिरलं की मी बॅग ठेवते आणि आधी तिथेच जाते. एका बाजूला टाइल्स लावलेली भिंत, पुढे काउंटर, काउंटरच्या मागे वाफ. मेनू छोटा. वाँटन (सारण भरलेल्या पुरचुंड्या) घातलेल्या नूडल्स, दानदान मियन हा नूडल्सचा तिखट प्रकार, एखादा बदलता प्रकार, बाओ म्हणजे वाफवलेले भरलेले पाव, डिमसम, वाफवलेली पालेभाजी. ऑर्डर सांगितली की हातात एक छोटं यंत्र देतात. वाडगा तयार झाला की ते थरथरतं. बरेच जण ते घेऊन लांब जाऊन बसतात. मी काउंटरजवळची जागा धरते, कारण मला आचाऱ्याचे हात बघायचे असतात.

वाँटन नूडल्समधल्या नूडल्स बारीक असतात, पिवळट, थोड्या कुरकुरीत. त्यांच्या पिठात बदकाची अंडी असतात आणि क्षाराचं पाणी. हा क्षार म्हणजे पोटॅशियम आणि सोडियम कार्बोनेट; पापड लाटणाऱ्या बायकांच्या डब्यातला पापडखार याच कुळातला. त्याने पीठ घट्ट येतं, चावताना दाताला उलट जोर लागतो, आणि पिठातलं पिवळेपणही त्यानेच उठून दिसतं. जुन्या पद्धतीत हे पीठ हाताने मळतच नाहीत. ओट्यावर बांबूचा जाड दांडा एका टोकाला अडकवायचा, दुसऱ्या टोकावर आचाऱ्याने स्वतः बसायचं आणि वरखाली उसळत पीठ दाबत जायचं. असं करणारी दुकानं हाँगकाँगमध्येही आता बोटांवर मोजण्याइतकी उरलीत. लाउंजमध्ये अर्थातच ते होत नाही. पण उकळण्याची रीत तीच आहे आणि खरी कसोटी तिथे असते.

आचारी ट्रेमधून नूडल्सचा एक गुंडा उचलतो, बोटांनी मोकळा करतो आणि लांब दांड्याच्या जाळीच्या झाऱ्यात टाकून खदखदत्या पाण्यात धरतो. काही सेकंदच. घड्याळ बघत नाही, चॉपस्टिकने दोनदा उलगडतो आणि वर काढतो. लगेच गार पाण्यात. याचं कारण आहे: क्षाराचा उग्रपणा धुऊन जातो आणि गारव्याने नूडल्स आखडतात. मग पुन्हा क्षणभर उकळत्या पाण्यात, मनगटाला एक झटका, पाणी निथळलं की वाडग्यात. शेजारच्या पातेल्यात कोळंबी भरलेली वाँटन तरंगत वर आलेली असतात. मुरलेल्या दुकानांत वाँटन तळाशी आणि नूडल्स वर रचतात, म्हणजे रश्श्यात त्या पूर्ण बुडत नाहीत आणि शेवटच्या घासापर्यंत तशाच राहतात. वाडगाही मुद्दाम लहान ठेवतात. मोठा वाडगा म्हणजे शेवटी मऊ पडलेल्या नूडल्स. हे सगळं मी आधी वाचलेलं होतं, शिकवतानाही सांगितलेलं होतं, पण त्या मनगटाच्या झटक्यातला नेमका जोर काउंटरपाशी उभं राहिल्याशिवाय समजला नव्हता.

रस्सा पाण्यासारखा पातळ दिसतो. चमचा तोंडात गेला की जीभ दचकते. हाडं, सुकवलेला चपटा मासा आणि कोळंबीची सालं तासन्‌तास मंद आचेवर ठेवून काढलेला तो अर्क असतो. सुका मासा आधी भाजून घेतात, मग पातेल्यात घालतात. वर पिवळ्या चाइव्हचे तुकडे, कांद्याच्या पातीसारखे पण नाजूक. बाजूला लाल व्हिनेगर असतं. दोन थेंबांनी क्षाराची राहिलेली कड निघून जाते.

दानदान मियन हा मुळात हाँगकाँगचा नाहीच. तो चीनमधल्या सिचुआन प्रांताचा. खांद्यावरच्या कावडीत एकीकडे चूल आणि दुसरीकडे नूडल्स घेऊन गल्लीबोळांत फिरणारे विक्रेते तो विकायचे. तिकडचा प्रकार कोरडा आणि जहाल. हाँगकाँगला येता येता त्यात तीळ-शेंगदाण्याचा दाट रस्सा आला आणि तिखट थोडं निवळलं. कॅथेच्या लाउंजमधला दानदान याच हाँगकाँगी वळणाचा आहे. पण त्यात सिचुआन मिरी आहे, आणि ती जिभेवर आली की कोकणातल्या माणसाला थांबावंच लागतं. जिभेला मुंग्या येतात, ओठ बधिरल्यासारखे होतात, मागे लिंबाच्या सालीसारखा वास राहतो. हे तिरफळ आहे! वनस्पतिशास्त्रातही ती सख्खी भावंडं आहेत, दोघांची जात एकच, झँथोझायलम. आमच्याकडे बांगड्याच्या आमटीत तिरफळं ठेचून घालतात आणि बी काढून टाकतात, तिकडेही बी टाकून नुसतं टरफलच वापरतात. दोन दूरच्या मुलखांतल्या माणसांनी एकमेकांना न विचारता एकाच झाडाच्या भावकीशी एकाच प्रकारे वागावं, याचं मला पहिल्यांदा कळलं तेव्हा जे अप्रूप वाटलं ते अजून तसंच आहे. तेलाच्या लाल तवंगातून नूडल्स वर काढताना मला माझ्या आजोळची चूल आठवते आणि मी रेंगाळत खाते.

जमिनीवर जेवून घेण्यामागे एक शास्त्रही आहे. विमानात दाब कमी असतो, सहा ते आठ हजार फुटांवरच्या डोंगरात असावा तितका, आणि हवा वाळवंटासारखी कोरडी. नाक सुकतं. चव ही निम्म्याहून जास्त वासाची असते, त्यामुळे जेवण फिकं लागतं. लुफ्तान्साने २०१० च्या सुमारास जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेकडून याचा अभ्यास करवून घेतला. तिथे विमानाचा एक तुकडाच कमी दाबाच्या कोठीत बसवलेला आहे. त्यात माणसांना बसवून खायला दिलं, तेव्हा मीठ आणि साखर कमी जाणवते असं दिसलं. मात्र टोमॅटोसारख्या पदार्थांतली ती खमंग, मांसल चव तगून राहते. कॅथेने २०१७ मध्ये खास उंचीवर पिण्यासाठी म्हणून एक बिअर काढली होती, तिला त्या पहिल्या विमानाचंच नाव दिलं होतं, बेट्सी. त्यात लाँगन नावाचं फळ आणि हाँगकाँगच्या न्यू टेरिटरीजमधला मध होता. विमानातलं जेवण तर वर शिजतही नाही. जमिनीवरच्या किचनमध्ये शिजतं, झपाट्याने थंड करतात, ट्रॉलीतून चढवतात आणि वर फक्त गरम करतात. त्या किचनमधल्या माणसांबद्दल मला फार आदर आहे. इतक्या बंधनांत काम करणं सोपं नाही. पण रात्रीच्या विमानाने जायचं असेल तर माझं मत स्पष्ट आहे: लाउंजमध्ये पोटभर जेवा, वर गेल्यावर झोपा.

आता शाकाहाराचं. एकदा नूडल बारसमोर एक वयस्कर जोडपं मेनूकडे बघत उभं होतं. काकूंच्या नऊवारीवर स्वेटर, काकांच्या हातात दोघांचे बोर्डिंग पास.

"अहो, विचारा ना त्यांना, यात अंडं तरी नाही ना?"

"विचारलं. तो हो म्हणतो आणि मान डोलावतो. हो म्हणजे आहे की नाही, तेच कळेना."

मी पुढे झाले. "काकू, कुठल्या तुम्ही?"

"अगंबाई, मराठी! आम्ही नाशिकचे. मुलाकडे चाललोय. बघ ना गं, यातलं आम्हाला काही चालेल का? माझा चातुर्मास आहे, कांदा-लसूण पण नाही."

मी त्यांना आधी खरं ते सांगितलं. या नूडल्समध्ये अंडं आहे, रस्सा हाडांचा आणि माशाचा आहे, भाजीवर जो काळसर सॉस घालतात तो कालवांचा असतो. काकूंचा चेहरा उतरला. मग मी आचाऱ्याला एकच शब्द म्हटला, जाय. कँटोनीजमध्ये बौद्धांच्या शुद्ध शाकाहारी जेवणाला असं म्हणतात, आणि त्यात कांदा, लसूण, पातही वर्ज्य असते. आचाऱ्याच्या चेहऱ्यावर लगेच ओळख उमटली. त्याने मेनूवरच्या दोन गोष्टींवर बोट ठेवून मान हलवली, नाही. मग मागे वळून पाकचोय या चिनी पालेभाजीची ताजी जुडी उचलून दाखवली. ती स्वच्छ पाण्यात उकळली, वर फक्त सोया सॉस आणि आल्याचे तुकडे. भाताची एक वाटी आत कुणाला तरी सांगून मागवली. काकूंनी तिथेच उभ्या उभ्या एक देठ चावून बघितला. "छान आहे की! कुरकुरीत ठेवलीय अगदी." काकांनी फळं आणली, पाव आणला, आणि आम्ही एकत्र बसून जेवलो.

शाकाहारी वाचकांना म्हणून सांगते. विमानातल्या जेवणाला संकेत असतात, हिंदू पद्धतीच्या शाकाहारीला एव्हीएमएल, जैनांसाठी व्हीजेएमएल, चिनी पद्धतीच्या शाकाहारीला व्हीओएमएल. ते तिकिटावर आधी नोंदवता येतात. लाउंजमध्ये असा संकेत नसतो. तिथे तोंडाने विचारावं लागतं, आणि विचारल्यावर ऐकणारा माणूस समोर असावा लागतो. झाकणाखालच्या ट्रेला काही विचारता येत नाही. काउंटरमागे आचारी असण्याचं सगळ्यात मोठं मोल मला त्या दिवशी कळलं. चव नंतर येते. आधी येतं ते हे, की आपलं पथ्य, आपला उपास, आपली आवड सांगायला कुणीतरी आहे.

बिझनेसच्या लाउंजमध्ये एक चहाघरही आहे, टी हाउस. तिथे चहा पानाच्या जातीप्रमाणे मागायचा. ग्रीन, ऊलाँग, पु-अर. ज्यांना आपल्यासारखा दुधाचा चहा हवा त्यांनी हाँगकाँगचा चहा जरूर प्यावा: कडक काळा चहा कापडाच्या लांब गाळणीतून पुन्हा पुन्हा ओतून काढतात आणि आटवलेलं डब्यातलं दूध घालतात. शहराने हे कसब आपल्या जपायच्या वारशाच्या यादीत घातलंय. मद्य न घेणाऱ्यांसाठी किवी, नारळाचं दूध आणि पुदिन्याचं एक पेय कॅथेच्या ओळखीचं झालेलं आहे, तेही छान आहे. शॉवर आहेत, विश्रांतीची खोली आहे. बुफेही आहे. तो नीट ठेवलेला असतो, सकाळी त्यात काँजी म्हणजे तांदळाची पेज असते. यापेक्षा त्याबद्दल जास्त लिहिण्यासारखं मला काही वाटत नाही.

पलीकडच्या फर्स्टच्या लाउंजमध्येही मी जाऊन आलेय, नवऱ्याच्या नोकरीतल्या वरच्या कार्डावर, सोबतीची पाहुणी म्हणून. तिथे डायनिंग रूम आहे, पांढऱ्या नॅपकिनची, मेनू हातात देणारी. झोपायला पडद्याआडच्या छोट्या खोल्या आहेत, पाय-खांदे दाबून देणारी माणसं आहेत. सेवा उत्तम. पण तिथल्या मेनूतही मी वाँटन नूडल्सच मागवल्या, आणि त्या आल्या तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. किचनपासून टेबलापर्यंतच्या त्या दोन-तीन मिनिटांत वाडगा किंचित बदललेला होता. हा काही दोष नाही, नूडल्सचा धर्मच तो. काउंटरपाशी उभं राहून खाण्याचा हा पदार्थ आहे. त्याला टेबलक्लॉथची गरज नाही. माझं बोलाल तर मी बिझनेसच्या बाजूलाच थांबेन.

यातली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. हाँगकाँगच्या रस्त्यांवरच्या उघड्या खाणावळी, दाय पाय डाँग, आता नाहीशा होत चालल्यात. सरकारने त्यांचे नवे परवाने देणं कित्येक दशकांपूर्वी थांबवलं, जुने परवानेही सहजासहजी दुसऱ्याच्या नावावर होत नाहीत. मालक म्हातारा झाला की गाडी बंद. अशा वेळी शहरातल्या सगळ्यात नामांकित कंपनीने आपल्या महागड्या लाउंजचा मान कॅव्हियारला किंवा फ्रेंच सॉसला न देता या रस्त्यावरच्या वाडग्याला द्यावा, हे मला शहाणपणाचं वाटतं, आणि प्रेमाचंही. लाउंजच्या आत जाणारे थोडे, हे खरं आहे. मुळात लाउंज ही कल्पनाच निवडक लोकांसाठी निघाली. न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया विमानतळावर १९३९ साली अमेरिकन एअरलाइन्सने पहिलं काढलं तेव्हा तिथे फक्त बोलावलेल्यांनाच प्रवेश होता. मला ही भिंत आवडत नाही. बाहेरच्या फूड कोर्टातही तितक्याच जिवाने शिजवावं असं माझं ठाम म्हणणं आहे. पण आत जे होतं ते चांगलं होत असेल तर त्यातून शिकायला काय हरकत आहे?

शिकायचं आपल्यालाच आहे. १९४६ साली, म्हणजे कॅथेचा जन्म झाला त्याच वर्षी, मुंबईत बॉबी कूका आणि चित्रकार उमेश राव यांनी एअर इंडियाच्या महाराजाला जन्म दिला. वाकून, छातीवर हात ठेवून पाहुण्याला या म्हणणारा तो गृहस्थ जगभर ओळखला गेला. पाहुणचार हे आपल्या विमानसेवेचं पहिलं भांडवल होतं. गेल्या काही वर्षांत आपल्याकडे लाउंजं वाढली, क्रेडिट कार्डावर, डेबिट कार्डावर, दोन रुपयांच्या स्वाइपवर माणसं आत येऊ लागली. मला त्याचा आनंद आहे. पहिल्यांदा लाउंज बघणारं कुटुंब, आजी, नातवंडं, सगळे एकमेकांना "हे घे, हे पण फुकट आहे" म्हणताना ऐकलं की बरं वाटतं. गर्दी झाली म्हणून नाक मुरडणाऱ्यांतली मी नाही. दुःख आहे ते ताटाचं. आपल्याकडच्याच एका विमानतळावरच्या लाउंजमध्ये, नाव घेत नाही, झाकणाखाली वडापाव रचून ठेवलेले होते. वडे वाफेने मऊ पडलेले, पाव खालून ओला. शेजारच्या टेबलावरच्या परदेशी मुलीने एक घास घेतला आणि बाकीचा बाजूला सारला. मला उठून तिला सांगावंसं वाटलं की बाई, हा तो नव्हे.

वडापाव झाकणाखाली ठेवायचा पदार्थच नाही, आणि ज्याने तो मेनूवर लिहिला त्याला हे माहीत असणार. तो शिजवणाऱ्यालाही माहीत असणार. त्याच्या हातात कढई दिलेली नव्हती, एवढंच. अडचण कौशल्याची नाही. आपल्याकडे तव्यासमोर उभी राहणारी माणसं कमी नाहीत.

म्हणून मी मनात बऱ्याचदा एक काउंटर मांडून बघते. मुंबईच्या किंवा पुण्याच्या विमानतळावर, दहा-बारा फुटांचा. पदार्थ एकच, थालीपीठ. वडा मी मुद्दाम घेत नाही, कारण बंदिस्त टर्मिनलमध्ये कढईभर तेल तापत ठेवणं जिकिरीचं आहे. थालीपिठाला उघडी ज्योतही लागत नाही. इंडक्शनवर बिडाचा तवा उत्तम चालतो. भाजणी आधी भाजून दळून ठेवली की कित्येक आठवडे टिकते, त्यामुळे गर्दी किती येणार हा प्रश्न अर्धा सुटतो. पीठ भिजवायचं ते थोडं थोडं, तासाभराला पुरेल इतकं. दोन मोठे तवे, एका तव्यावर तीन थालीपिठं, झाकण ठेवून पाच मिनिटं. तासाला सत्तरच्या आसपास निघतात. थापायला एक बाई, तव्यावर एक माणूस, आणि पुढे ऑर्डर घेणारं, पथ्यपाणी विचारणारं एक कुणीतरी. हे तिसरं माणूस वाचवायचं नाही. कांदा-कोथिंबीर घातलेलं पीठ एका परातीत, बिनकांद्याचं दुसऱ्या परातीत, दोन्हींचे फडके वेगळे. मधल्या भोकात तेल सोडायचं, कडेने सोडायचं, आणि गिऱ्हाइकाच्या समोरच उलटायचं, म्हणजे तो चर्र आवाज त्याला ऐकू जाईल. वर लोण्याचा गोळा, बाजूला दही आणि ठेचा. ठेचा मागितल्यावरच.

खर्चाचा आकडाही मी काढून ठेवलाय, आणि तो पनीरच्या ग्रेव्हीपेक्षा जास्त येत नाही. एखाद्या लाउंजवाल्याने हे मनावर घेतलं तर भाजणीचं प्रमाण मी द्यायला तयार आहे. पहिला आठवडा तव्यासमोर उभी राहायलाही.